नेटहॅक: सगळं करता येतं, दाराला कान लावणं सोडून

नेटहॅक या कॉम्प्युटर गेममध्ये तलवार कारंज्यात बुडवता येते. दिवा घासता येतो, सिंहासनावर बसता येतं, जमिनीवरच्या धुळीत बोटाने लिहिता येतं. हिट पॉइंट, म्हणजे अंगात उरलेला जीव, एकसप्तमांशाच्या खाली गेले की प्रार्थना करता येते, आणि मागच्या प्रार्थनेला पुरेसा काळ लोटला असेल, नशीब रुसलेलं नसेल, तर देव धावूनही येतो. १९८७ पासूनचा हा खेळ. मी तो टर्मिनलमध्येच खेळते: आपण म्हणजे पडद्यावरचं एक @ आणि बंद दार म्हणजे एक +. फुकट मिळतो, जुन्यात जुन्या लॅपटॉपवर चालतो. शिकायला अवघड आहे, मेलं की पहिल्यापासून सुरुवात, आणि कीबोर्डवरची जवळपास प्रत्येक की कशासाठी तरी राखलेली. तरीही डंजनमध्ये, म्हणजे मॉन्स्टरांनी भरलेल्या भुयारांत, उतरायच्या खेळांत इतक्या कृती हाताशी देणारा दुसरा खेळ मला सापडलेला नाही. पाचपैकी साडेचार तारे, आणि तेही हात आखडता घेऊन नाही.

उरलेला अर्धा तारा एका कृतीसाठी ठेवलाय, ती या खेळात यावी असं मला फार वाटतं.

नेटहॅकला ध्वनी लागत नाही, पण खेळ आवाजांनी भरलेला आहे. चालता चालता वरच्या ओळीत एखादं वाक्य उमटतं. मंद गुणगुण ऐकू येतेय, म्हणजे डंजनच्या या लेव्हलवर, या मजल्यावर, मधमाश्यांचं पोळं आहे. कुणीतरी पैसे मोजतंय, म्हणजे चारी बाजूंनी बंद अशा तिजोरीत सोनं पडलंय. पाती परजल्याचा आवाज आला तर सैनिकांची बराक. आणि हत्तीचा पाय शेंगदाण्यावर पडावा तसा आवाज आला तर प्राणिसंग्रहालय: सोन्याच्या ढिगांवर झोपलेल्या मॉन्स्टरांनी खच्चून भरलेली खोली. धोका आणि लालूच एका ओळीत. ही वाक्यं लिहिणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे.

अडचण अशी की ही वाक्यं येतात ती खेळाच्या मर्जीने. लेव्हलवर पोळं असेल तर ती गुणगुण कानावर पडण्याची शक्यता दर टर्नला, म्हणजे खेळातल्या दर चालीला, दोनशेत एक, कारंज्याच्या खळखळाटाची चारशेत एक. शिवाय आवाज येतो तो अख्ख्या लेव्हलचा. तुम्ही पोळ्याच्या भिंतीला टेकून उभे असा नाहीतर पार दुसऱ्या टोकाला, वाक्य तेच. दिशा नाही, अंतर नाही.

याने नेमकं कुठे अडतं ते सांगते. पोळी साधारण दहाव्या लेव्हलपासून पुढे लागतात. समजा माझी वाल्किरी (खेळातलं एक योद्धा पात्र) तिथे पोचलीय, हिट पॉइंट निम्मे, गुणगुण येऊन गेलीय आणि समोर तीन बंद दारं आहेत, तिन्हींना कुलूप. वाल्किरीची चाल जन्मतःच दबकी असते, त्यामुळे खोलीत शिरल्याने माश्या जाग्या होत नाहीत. पण दारावर लाथ घातली की आसपासचं सगळं जागं होतं. माश्यांचा वेग १८, माझा १२. पळून सुटका नाही. विषाला प्रतिकार नसेल तर एखादा डंख थेट जीव घेतो. म्हणजे कुठलं दार लाथेने फोडायचं आणि कुठल्यापाशी किल्ली मिळेपर्यंत थांबायचं, हा खरा निर्णय आहे. आणि तो घ्यायला माझ्या हातात काहीही नाही. तीन + आहेत, तिन्ही सारखे.

खेळात इतर सगळ्या गोष्टी विचारता येतात म्हणून हे जास्त खटकतं. वस्तू शापित आहे का हे आपल्या पाळीव कुत्र्याला तिच्यावरून चालवून कळतं. तो कचरला की समजायचं. जादूची कांडी कुठली असेल याचा अंदाज दुकानदाराने सांगितलेल्या किमतीवरून बांधता येतो. भिंतीत छुपं दार आहे का हे ‘एस’ दाबून शोधता येतं. कानासाठी मात्र एकच साधन, स्टेथोस्कोप. तो भिंतीला लावला आणि तिथे छुपं दार असलं तर पोकळ आवाज येतो. सुंदर कल्पना आहे, पण तो सुरुवातीपासून मिळतो वैद्याचं पात्र घेणाऱ्याला. बाकीच्यांनी सापडण्याची वाट बघायची. तरंगत्या डोळ्याचं मढं खाऊन मग डोळ्यांवर पट्टी बांधली की दूरच्या मॉन्स्टरांची मनं दिसतात, हाही उपाय आहे. पण आधी तसा डोळा भेटायला हवा आणि त्याला हात न लावता तो मारता यायला हवा.

म्हणून माझी सूचना: #कान. शेजारच्या बंद दाराच्या दिशेने ही कमांड द्यायची आणि तीन टर्न स्थिर उभं राहायचं. मध्येच काही समोर आलं तर कृती मोडते. पलीकडे खास खोली असेल तर आज जी वाक्यं नशिबावर येतात त्यातलंच एक यावं, या दारापुरतं. साध्या खोलीत कुणी जागं आणि हलतं असेल तर पावलांचा किंवा सरपटण्याचा आवाज. झोपलेले साधे मॉन्स्टर ऐकू येऊ नयेत, त्यामुळे शांतता म्हणजे हमी नव्हे. ही जागा खेळाच्या रचनेतही चपखल बसते, कारण पोळं किंवा प्राणिसंग्रहालय मांडताना खेळ शक्यतो एकच दार असलेली खोली निवडतो. त्या एका दारापाशी थांबून ऐकण्याला अर्थ आहे.

स्टेथोस्कोपचं महत्त्व कमी होता कामा नये. तो हातात असेल तर आवाज एका टर्नमध्ये आणि नीट ऐकू यावा. उलट लोखंडी हेल्मेट घातलं असेल तर ‘आत काहीतरी आहे’ एवढंच कळावं. डोक्यावर काय आहे हे या वाक्यांसाठी खेळ आजही बघतो, ही बारकाईच मला या कल्पनेपर्यंत घेऊन गेली. भ्रमात असताना पोळ्याच्या आवाजाऐवजी माश्या तुमच्याच टोपीत गुणगुणतायत असं वाक्य येतं, आणि डोकं उघडं असेल तर ती टोपी ‘अस्तित्वात नसलेली’ होते. म्हणजे तपासणी तयार आहे, ती फक्त कामाला लावायची.

यावरचा मोठा आक्षेप मला मान्य आहे: फुकटात माहिती मिळाली की माणूस प्रत्येक दाराला कान लावत बसणार, आणि खेळ कंटाळवाणा होणार. डंजन क्रॉल स्टोन सूप हा याच जातीचा खेळ बनवणाऱ्यांनी नेमक्या अशा गोष्टी छाटत नेल्या. तिथे ‘ओ’ दाबला की लेव्हल आपोआप धुंडाळली जाते, आणि २०२१ च्या ०.२६ आवृत्तीत तर भूकच काढून टाकली. त्या खेळासाठी ते योग्यच होतं. नेटहॅकमध्ये तीन टर्नची किंमत नगण्य आहे हेही खरं, म्हणून नुसते टर्न खर्चून भागणार नाही. किंमत मिमिक नावाच्या मॉन्स्टरने वसूल करावी. दाराचं सोंग घेऊन बसलेला मिमिक या खेळात आधीपासून आहे. अगदी छोट्या जातीचा नसेल तर त्याला स्पर्श झाला की आपण चिकटतो. त्याला कान लावणारा डोक्याने चिकटेल, आणि पहिला फटका हेल्मेट नसलेल्या डोक्यावर बसेल. खोल लेव्हलवर प्रत्येक दाराला कान लावायचा मोह एवढ्याने आवरेल असं मला वाटतं. शिवाय एकदा ऐकलेलं दार खेळाने लक्षात ठेवावं आणि काही बदललं नसेल तर तसं लगेच सांगावं, म्हणजे उगाच तीच की दाबत बसायला नको.

नवी कृती आणणं या खेळाला परकं नाही. २००३ ची ३.४.३ आणि २०१५ ची ३.६.० या आवृत्त्यांच्या मध्ये बारा वर्षं गेली, पण ३.६.० आली तेव्हा पिशवी किंवा पेटी सरळ जमिनीवर उलटी करायची #टिप कमांड घेऊन आली. छोटीशी सोय, पण आता तिच्याशिवाय खेळायचं म्हटलं तर माझा हात अडखळतो.

एक गोष्ट मात्र #कानने करू नये. दारात लावलेला स्फोटक सापळा त्याने ओळखता येऊ नये. ते काम सापळे शोधून निकामी करणाऱ्या #अनट्रॅप कमांडचं आहे आणि त्यातली धाकधूक तशीच राहायला हवी.