महालक्ष्म्यांचं उरलंसुरलं आणि बिडाचं आप्पेपात्र

बिडाचं आप्पेपात्र, खळगे सात, वजन सव्वादोन किलो, किंमत साडेआठशे. अमरावतीच्या इतवाऱ्यातून घेतलं. झाकण नाही, खोकं नाही, दुकानदाराने पेपरात गुंडाळून सुतळीने बांधून दिलं. लोक आप्पेपात्र इडलीच्या उरलेल्या पिठासाठी घेतात. मी घेतलं ते महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवसासाठी, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच दिवसाचा समजा.

ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्यांना सांगायला नको. ज्येष्ठा नक्षत्रावर जेवण, मूळावर विसर्जन, आणि मधल्या रात्री फ्रीजचं दार लागत नाही. सोळा भाज्यांची भाजी, पुरण, वरण, भात, पडवळाची कढी, आंबील, चिंचेचं पंचामृत, वडे, भजी. सवाष्णी किती, ब्राह्मण किती, आयत्या वेळी येणारे किती, याचा अंदाज आमच्या घरात कोणी कमी धरत नाही. कमी पडलं तर चार पिढ्यांचं नाक जाईल. दोन दिवस घरच्या बायका ओट्यापाशी राबलेल्या असतात, म्हणून उरलेल्याचं खातं माझ्याकडे आहे. आधी ठरलेला मार्ग होता: भाताला फोडणी, पोळ्या तुपावर, आणि भाजी "कोणी घेतं का रे" करत संध्याकाळपर्यंत फिरून शेवटी गायीला. दोन दिवस गोडाधोडाचं जेवलेला माणूस ताट घेऊन बसतच नाही. पण त्याच भाजीचा लिंबाएवढा, वरून कडक, गरम गोळा समोर ठेवा. येताजाता उचलतो, आणि चटणी कुठंय विचारतो.

याआधी आमच्याकडे बारा खळग्यांचं नॉनस्टिक होतं, काचेच्या झाकणासकट. दिसायला छान. पण उरलेल्या अन्नाला ते चालत नाही, कारण शिजलेल्या भाताला आणि भाजीला कच्च्या पिठासारखं फुगायचं नसतं. ते आधीच मऊ आहे, त्याला बाहेरून खरपूस पापुद्रा हवा. पातळ पत्र्यात ती उष्णता धरून राहत नाही, थंड मिश्रण पडलं की पात्र गार पडतं आणि गोळा तळाशी वाफवल्यासारखा पांढुरका राहतो. शिवाय चमच्याने उलटताना खळग्यांच्या काठावरचं कोटिंग आधी गेलं. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की सात खळग्यांत फ्रीजमधलं मिश्रण घातलं तरी चर्र आवाज थांबत नाही.

आता कशाचं काय होतं ते सांगतो.

भात सगळ्यात बेभरवशाचा. नुसता कुस्करून घातला तर उलटताना अर्धा वर, अर्धा खाली. दोन वाट्या भाताला एक वाटी बारीक रवा आणि वाटीभर ताक लागतं, वर वीस मिनिटं झाकून ठेवायचं. रवा ते पाणी ओढून घेतो आणि गोळा धरतो. मिरची, कोथिंबीर, जिरं. उरलेली कढी असेल तर ताकाऐवजी तीच, आणि तिच्यातलं पडवळ कुस्करून आत. मीठ मात्र चाखून, कारण सगळ्यात ते आधीच पडलेलं आहे.

सोळा भाज्यांची भाजी ही या पात्राची खरी कमाई. ती आधी कढईत कोरडी करून घ्या, पाणी सुटलं तर सगळं फसतं. मग घोटायची, अगदी लगदा नाही, कारलं आणि गवार दाताखाली आली पाहिजे. ज्वारीचं पीठ दोन मुठी, बेसन एक मूठ, तीळ, ओवा, आणि भिजवायला पाण्याऐवजी उरलेलं वरण. थालीपिठाचाच प्रकार, पण थालीपीठ एक खाल्लं की माणूस पोट धरतो, हे आठ-दहा जातात. वरणातल्या डाळीमुळे रंगही सुंदर येतो.

पुरणाचे दोन प्रकार करून पाहिले. पुरणात थोडी कणीक आणि दूध घालून सरळ खळग्यात सोडलं तर लागतं चांगलं, पण जरा गिच्च होतं. दुसरा प्रकार आंध्राच्या बूरेलूवरून घेतलेला. ते लोक पुरणाच्या गोळ्या उडीद-तांदळाच्या पिठात बुडवून तळतात. इथे तळण नाही. खळग्यात तूप, अर्धा चमचा पीठ, त्यावर सुपारीएवढी पुरणाची गोळी, वर पुन्हा पीठ. बाहेर कुरकुरीत, आत जायफळाचा वास मारणारं गरम पुरण. माझी आई, जिला पुरणपोळीखेरीज पुरणाचं दुसरं काही केलेलं खपत नाही, ती म्हणाली, "बरं झालंय. पण नैवेद्याला नको करू."

क्रम महत्त्वाचा. तिखट आधी, गोड शेवटी, कारण गूळ एकदा खळग्याला लागला की पुढचा घाणा चिकटतोच. आणि गॅसवर मधला खळगा बाकीच्या सहांपेक्षा जास्त तापतो. पुरणाचं त्यात कधी घालू नका, काळं होतं. मी मधल्यात भाताचं घालतो, त्याला जरा जास्त भाजणं मानवतं.

उलटायची वेळ ओळखायला घड्याळ नको. झाकलेली ताटली काढली की वरची ओली तकाकी गेलेली असते, कडेला बारीक जाळी दिसते आणि गोळा खळग्याच्या भिंतीपासून केसभर सुटलेला असतो. तेव्हा काठावर सुई टोचून हलकेच ओढायची, तो स्वतःच गिरकी घेतो. सुई म्हणजे लोकर विणायची, आमच्या आईची जुनी. पात्रासोबत चमचा, काडी काहीही येत नाही. ओढल्यावर अडला तर ओढू नका, अर्धा मिनिट थांबा.

पात्रात न जाणाऱ्या गोष्टी: वडे आणि भजी (ती ताकात किंवा कढीत), पुरणपोळी (तिला तवा आणि तूप सोडून दुसरं काही करणं पाप आहे), पंचामृत. चिंचेचं पंचामृत पिठात घालून पाहावं असं कोणाला वाटेल. चव छान लागेल, पण आंबट मिश्रण बिडात रेंगाळलं की काळपट होतं आणि लोखंडाची चव उतरते. ताकाचं चालतं, पण झालेले आप्पे पात्रात मुरत ठेवायचे नाहीत, लगेच ताटात. पंचामृत वाटीत घ्या आणि बुडवून खा. त्यापेक्षा चांगली चटणी बाजारात मिळत नाही.

एक गोष्ट भांड्याची नाही, पण सांगितलीच पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचे आप्पे करू नका. भाद्रपदातली हवा दमट असते, शिजवूनही जिवंत राहणारे जिवाणू असतात (बॅसिलस सीरियस हा त्यातला मुख्य) आणि त्यांचं विष पुन्हा तापवून जात नाही. भात शिजून उतरवल्यापासून दोन तासांच्या आत तो पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये. आमच्याकडे यावरून दरवर्षी वाद होतो, कारण त्या वेळी सगळे आरतीला असतात.

देखभाल आहे, नाही म्हणत नाही. नवीन पात्र गरम पाण्याने घासायचं, पुसून गॅसवर कोरडं करायचं, सगळीकडे तेलाचा पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवायचं, गार करायचं, पुन्हा तेच. चार-पाच वेळा. तरी पहिला घाणा थोडा चिकटतो, तो करणाऱ्याने खायचा. नंतर साबणाचं पाणी भरून सिंकमध्ये ठेवणाऱ्या पाहुण्यांपासून जपायचं, एका रात्रीत तांबूस गंज चढतो. इंडक्शनवर बसत नाही, खालून खळगे गोल आहेत.

सात खळगे कमी वाटतात हे खरं. वीस माणसांच्या घरात एक घाणा म्हणजे दोन मुलांचा एक घास. डेन्मार्कमध्ये ख्रिसमसच्या सुमाराला असेच गोल एबलस्किव्हर करतात, तिथलंही पात्र बहुधा सातच खळग्यांचं आणि बिडाचं असतं, तेव्हा घाण्याघाण्याने वाट पाहणं तिकडेही चालत असावं. बारा खळग्यांचं बीडही मिळतं, पण घरच्या शेगडीवर त्याच्या कडेचे खळगे तापतच नाहीत, आणि भरलेलं उचलायला दोन माणसं लागतात.

पाचपैकी चार. एक कापला तो कानांसाठी. दोन्ही बाजूंना आखूड बिडाचेच कान आहेत, लाकूड नाही, आणि फडक्याची घडी जरा पातळ झाली की चटका बसतो. तुम्ही घ्यायला गेलात तर दुकानातच दोन्ही कान धरून उचलून पाहा, आणि खळग्यांतून बोट फिरवा. आतून खरखरीत लागलं तर दुसरं काढायला सांगा. दुकानदार कुरकुरतो, पण काढतो.