मोबाइल की नॉब? घरच्या लेआउटवर डीसीसी बसवताना

मॉडेल रेल्वेत साध्या डीसी कंट्रोलरवरून डीसीसीवर (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीवर) यायचं ठरलं की ठाण्या-नवी मुंबईतल्या माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर मोटर शील्ड (रुळांना करंट पुरवणारा जोडबोर्ड) चढवून त्यात डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर घालायचं आणि मोबाइललाच थ्रॉटल, म्हणजे वेगाचा कंट्रोल, करायचं. दुसरी, तयार संच मागवायचा. इथे एनसीईचा पॉवर कॅब धरलाय. त्यात रुळांवर आज्ञा पाठवणारं कमांड स्टेशन हातातल्या रिमोटमध्येच असतं. इंजिनातला डीकोडर म्हणजे काय, नव्या डीकोडरचा पत्ता ३ का, हे तुम्हाला ठाऊक आहे असं समजून पुढे जातो.

खर्चात आर्डुइनो सरळ बाजी मारतो. मेगा, शील्ड, ईएसपी-०१एस वायफाय मॉड्यूल, दोन पॉवर सप्लाय. ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत काम होतं. फक्त काउंटरवर नुसतं 'मोटर शील्ड द्या' म्हणू नका, हातात एल२९३डीवालं शील्ड पडेल. ते खेळण्यांतल्या मोटारींसाठी ठीक: चॅनेलला जेमतेम ०.६ अँपिअर आणि करंट मोजायची सोय नाही, म्हणजे शॉर्ट झाला तरी मेगाला पत्ता लागत नाही. एल२९८पी चिपचं आर३ शील्ड मागा, चॅनेलला २ अँपिअर.

ते मेगावर दाबण्याआधी उलटं करा. मागे 'व्हीआयएन कनेक्ट' लिहिलेला बारीक जोड असतो, तो ब्लेडने कापा आणि तुटल्याची खात्री मल्टिमीटरने करा. तो राहिला तर रुळांसाठी दिलेले व्होल्ट मेगाच्या रेग्युलेटरवरही जातात आणि तो तापत बसतो. मेगाला वेगळा ७ ते ९ व्होल्टचा अडॅप्टर द्या. एल२९८ स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे एचओ मापाच्या रुळावर १२ हवे असतील तर सप्लाय १४ चा लागतो. १४ चा सहज सापडत नाही. १५ चा घ्या, किंवा १२ च्या एसएमपीएसवरचा व्होल्टेजचा छोटा स्क्रू फिरवून तेरापर्यंत न्या, तेवढ्यावरही इंजिनं व्यवस्थित धावतात.

पॉवर कॅबला यातलं काही नाही. पॅनल स्क्रूने बसवा, रुळाकडे दोन वायरी न्या, सप्लाय लावा, संपलं. पण कॅबची वायर उपटली की सगळा लेआउट बंद, कारण मेंदूच हातात. बिघडला तर परदेशी पाठवायचा; कुरिअर, कस्टम्स आणि वाट बघणं. आर्डुइनोचं शील्ड जळलं तर शनिवारी दुपारी नवीन आणता येतं. मला हा मुद्दा बराच काळ वजनदार वाटत होता.

वायरिंग दोन्हीकडे सारखंच. आठ बाय चारच्या फळीखाली १.५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड घरगुती वायर बस, म्हणजे मुख्य लाइन, म्हणून फिरवा आणि दर तीन फुटांवर तिच्यापासून ०.५ ची आखूड फीडर वायर रुळाला सोल्डर करा. फिशप्लेटच्या (रुळांचे सांधे जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) भरवशावर राहू नका, पावसाळ्यात त्या पहिल्या दगा देतात. मग रुळांवर जागोजागी दोन रुपयांचं नाणं आडवं टाकून बघा: प्रत्येक ठिकाणी कमांड स्टेशन ट्रिप झालंच पाहिजे. जिथे होत नाही तिथे फीडर कमी पडलीय.

आता मोबाइल थ्रॉटलचा मूळ खटका. ईएसपीने स्वतःचं वायफाय सोडलं की मोबाइलला दिसतं, या नेटवर्कवर इंटरनेट नाही. आणि बरेच फोन न विचारता मोबाइल डेटाकडे उडी मारतात. इंजिन मात्र थांबत नाही, कारण कमांड स्टेशन शेवटचा वेग रुळावर पाठवतच राहतं. संपर्क तुटल्यावर गाडी थांबवायची सोय आहे, पण तिला काही सेकंद लागतात. सेकंदाला १५ सेंमी चालणारं इंजिन ५ सेकंदांत ७५ सेंमी जातं, आणि टर्मिनसचा बफर तेवढा लांब कुठे असतो?

उपाय म्हणून ईएसपीला घरच्या राउटरवर जोडतात. त्याला २.४ गिगाहर्ट्‌झच चालतं, आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे वीसेक राउटर कोंबलेले असतात. वीज गेली-आली की आधी राउटर जागा होईपर्यंत थांबा. शंटिंगला तर काचेवरचा स्लायडर अगदीच नकोसा: नजर कपलरवर हवी, ती स्क्रीनवर जाते. एंजिन ड्रायव्हर ॲपमध्ये फोनच्या आवाजाच्या बटणांवर वेग घेता येतो, तेवढाच दिलासा. पॉवर कॅबवर अंगठ्याखाली चाक आहे, दिशेचं बटण न बघता सापडतं आणि लाल इमर्जन्सी स्टॉप कायम एकाच जागी असतो.

त्यामुळे झुकतं माप पॉवर कॅबला. एकट्याने चालवायचा लेआउट, आवाजवाली धरून तीन-चार इंजिनं, एवढ्याला त्याचे दोनेक अँपिअर बहुधा पुरतात. तुमचा फोन गुणी असेल तर कदाचित वेगळं वाटेल.

सोल्डरिंगवर हात बसला असेल तर मधली वाट आहे. ईएसपी३२ बोर्ड, रोटरी एन्कोडर (फिरवायची नॉब), कीपॅड, छोटा ओलेड स्क्रीन आणि लिपो बॅटरी जोडून विटकंट्रोलर नावाचा हातातला थ्रॉटल बनतो आणि तो डीसीसी-ईएक्सशी बोलतो. त्यात सिमकार्ड नाही, म्हणजे उडी मारायला जागाच नाही. एन्कोडर घेताना खट्‌खट्‌ टप्पे लागणारा घ्या. गुळगुळीत फिरणाऱ्यावर किती टप्पे वेग वाढला ते बोटाला कळत नाही, आणि पुन्हा स्क्रीनकडे बघावं लागतं.