'स्टिकी विकेट' मातीतून शिकवणारा इंग्रजीचा वर्ग
सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याचा पत्रव्यवहार मी सांभाळतो. मालाच्या मुदतीबाबत आपण 'ऑन अ स्टिकी विकेट' आहोत, असे एका ब्रिटिश खरेदीदाराने कळवले, तेव्हा 'विकेट गेली' असा अर्थ लावून ऑर्डर रद्द झाल्याचे मी मालकांना सांगून बसलो. त्या चुकीनंतर नवी पेठेजवळच्या एका इंग्रजी संभाषण वर्गात मी दोन महिने संध्याकाळी जात होतो.

या वर्गाचे खरे बळ म्हणजे तिथले सर. इथे विकेट म्हणजे यष्टी नव्हे, तर खेळपट्टी, हे त्यांनी आधी स्पष्ट केले. पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत. पावसात भिजलेली माती उन्हाने वरून सुकू लागली की चेंडू तिच्यात रुतून कधी अंगावर उसळे, तर कधी खालीच राही, आणि फलंदाजाला काही सुचत नसे. त्यावरूनच 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीच्या स्थितीत असणे. सरांनी ताटात काळी माती भिजवून पंख्याखाली ठेवली होती. साय धरलेल्या त्या मातीवर आम्ही एकेकाने चेंडू आपटून पाहिला, तेव्हा पडलेला खळगा आणि चेंडूला चिकटलेला चिखल पाहून अर्थ मनात पक्का बसला. 1968 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर पावसानंतर प्रेक्षकांनीही पाणी काढायला हात लावला आणि इंग्लंडचे गोलंदाज डेरेक अंडरवूड यांनी ऑस्ट्रेलियाचे 7 गडी 50 धावांत बाद केले, ही हकीकतही त्यांनी रंगवून सांगितली. भारताचे माजी कसोटी कर्णधार पॉली उम्रीगर ज्या सोलापुरात जन्मले, तिथे इंग्रजी अशीच शिकवली जावी, असे मला मनापासून वाटते.

वापराबाबतही सर काटेकोर आहेत. जिथे टिकून राहणे किंवा आपली बाजू सांभाळणे अवघड होते, तिथेच हा वाक्प्रचार शोभतो. दुःखाच्या प्रसंगी तो वापरू नये. सूत उशिरा आल्याने आमची मुदत हुकणार होती, तेव्हा त्याच खरेदीदाराला मी हेच शब्द लिहिले आणि त्यांनी आठ दिवस वाढवून दिले.

छापील पुस्तिका मात्र निराशा करते. तिच्यात 'संकट' एवढाच अर्थ दिला असून उदाहरण आजारी आजोबांचे आहे. सरांनी माझ्या प्रतीतले ते वाक्य स्वतः खोडले. पुढच्या तुकडीच्या पुस्तिकेत ते तसेच छापून आले आहे.