चेटकीण ठरवलेल्या बायका: ‘द मर्सीज’ आधी वाचावी की ‘टिटुबा’?

नॉर्वेच्या पार उत्तरेला वार्डो नावाचं बेट आहे. १६१७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथं वादळ उठलं आणि चाळीस पुरुष बुडाले. ही घडलेली गोष्ट. किरन मिलवुड हारग्रेव्ह यांची ‘द मर्सीज’ (२०२०) ही कादंबरी इथूनच सुरू होते. मागे राहिलेल्या बायकांनी खायचं काय? त्या स्वतःच समुद्रात होड्या घालतात. त्यांना मासेमारीला नेणारी कर्स्टन पुढे पुरुषी विजारही घालू लागते. नायिका मारेन हिची भावजय डीना सामी या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी जमातीची. दुःखाच्या दिवसांत तिच्या रीतींचा शेजारणींनाही आधार वाटतो. मग अब्सलोम कॉर्नेट हा स्कॉटिश आयुक्त येतो, आणि त्या होड्या, ती विजार, त्या रीती हेच चेटुकाचे पुरावे होऊन बसतात.

मला ही कादंबरी महत्त्वाची वाटते ती यासाठी की पहिलं बोट दाखवतात त्या शेजारणीच. एकाच चर्चमध्ये बसणाऱ्या, एकच दुःख भोगलेल्या. आयुक्त फक्त त्या कुजबुजीला कायद्याचं बळ देतो. आपल्याकडे नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे अजिबात परकं वाटणार नाही. उत्तरार्धात मात्र मारेन आणि आयुक्ताची बायको उर्सा यांचं प्रेम पुढे येतं आणि खटले घाईत उरकतात. तिथं मला आणखी हवं होतं.

मरीस काँदे यांची ‘टिटुबा’ ही कादंबरी मूळ फ्रेंच, १९८६ ची. इंग्रजी अनुवाद सहज वाचता येतो. अमेरिकेतल्या सेलम गावी १६९२ मध्ये चेटुकाच्या आरोपांवरून चाललेल्या खटल्यांमधली टिटुबा ही गुलाम स्त्री खरी. तिची जबानी दप्तरात आहे, पण तिच्या आयुष्याविषयी फारसं काही नाही. काँदे तिला बार्बाडोस या कॅरिबियन बेटावरचं बालपण देतात. मळेवाल्यावर कोयता उगारला म्हणून फाशी गेलेली आई देतात, झाडपाला शिकवणारी मामा याया देतात, आणि सगळी कथा तिच्याच तोंडून सांगतात. तुरुंगातला प्रसंग विसरता येत नाही: कोठडीतली हेस्टर तिला कोर्टात काय बोलायचं ते पढवते, आणि पुढच्या पानांवर खऱ्या जबानीचा उतारा येतो. ही हेस्टर चक्क एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कादंबरीतून उचललेली, आणि दोघी स्त्रीवादावरही बोलतात. ज्यांना काळाशी काटेकोर इमान हवं, त्यांना हे खटकेल. मला ते धाडस पटलं, कारण दप्तराने जिला बाजूला टाकलं तिला न्याय द्यायला दप्तर पुरणार नव्हतं.

गाव बाईवर कसं उलटतं हे समजून घ्यायचं असेल तर ‘द मर्सीज’ घ्या. वाचनगटासाठीही तीच, चर्चेला भरपूर धागे आहेत. वंश आणि गुलामी यांचा चेटकिणीच्या आरोपाशी असलेला संबंध पाहायचा असेल, किंवा एकच पुस्तक वाचायला सवड असेल, तर ‘टिटुबा’. दोन्हींत हिंसा उघड आहे; ‘टिटुबा’त तर पहिल्याच वाक्यात बलात्कार आहे, मन घट्ट करून बसा. आणि ‘टिटुबा’ उघडण्याआधी सेलमच्या खटल्यांची थोडी माहिती वाचून घ्या, म्हणजे काँदे इतिहास कुठे सोडतात ते लगेच कळेल.