फ्लॅशला सुट्टी: बारा राउटर सर्व्हरवरून बूट करण्याचे नऊ महिने

आमच्या तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये एकाच मॉडेलचे बारा जुने राउटर आहेत, 128 एमबी रॅमचे. मुलांनी प्रॅक्टिकल करायचं, कुणीतरी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये घोळ घालायचा आणि संध्याकाळी मी टाचणी घेऊन रिसेटची भोकं शोधत बसायचं, असं दोन वर्षं चाललं. जुलैमध्ये वैतागून बाराही राउटर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त लिनक्स प्रणालीच्या इनिटरॅमएफएस इमेजवर, म्हणजे पूर्णपणे रॅममधून चालणाऱ्या फाइलवर, नेले. राउटर चालू झाला की यू-बूट (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) सर्व्हरवरून टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने फाइल ओढतो, ती रॅममध्ये उलगडते आणि तिथूनच चालते. फ्लॅशला, म्हणजे राउटरच्या कायमच्या साठवणीला, कुणी हातही लावत नाही. घोळ झाला की बटण बंद करून परत चालू करायचं, बस.

सर्व्हर म्हणजे भंगारात निघालेला डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आणि टीएफटीपीडी-एचपीए हा टीएफटीपी सर्व्हर. हे तासाभराचं काम. वेळ खाल्ला राउटरांनी. प्रत्येकाचं झाकण उघडून सीरियल वायर लावायची (वेग 115200, अ‍ॅडॉप्टर 3.3 व्होल्टचाच घ्या), आयपी आणि सर्व्हरचा पत्ता भरायचा, बूट कमांड बदलून सेव्ह करायची. आमच्या बोर्डावर यू-बूट एकाच पोर्टवर बोलतो. हे कळेपर्यंत एक अख्खा शनिवार गेला.

वेगाबद्दल तक्रार नाही. टीएफटीपी मुळात 512 बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच आली की पुढचा. आमचा यू-बूट 1468 बाइटचे तुकडे मागतो, म्हणजे हेडर धरून इथरनेटच्या एका पाकिटाची 1500 बाइटची मर्यादा बरोबर भरते. आठ एमबीची इमेज चहाचा घोट घेईपर्यंत येते.

खरी परीक्षा लाईट जाऊन आल्यावर. राउटर दोन-तीन सेकंदांत फाइल मागायला लागतो, तेव्हा सर्व्हरचं बायोससुद्धा धड उठलेलं नसतं. त्यात आमच्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ न देणारी सोय) चालू होतं. पोर्ट जागा झाल्यावर 15 अधिक 15 अशी तीस सेकंदं तो काहीच पुढे सोडत नाही. ही वाट टाळणारी पोर्टफास्ट सेटिंग लावल्यावर तो त्रास मिटला. सर्व्हरच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू व्हायची सोय होती, ती लावली.

सगळे सांगतात, सर्व्हर सापडला नाही तर फ्लॅशवरून बूट होऊ द्या. मीही यू-बूटमधली नेटरीट्राय ही पुन्हा प्रयत्न करण्याची सेटिंग ‘नो’ करून तसंच केलं होतं. मग एका सोमवारी पाच राउटर फ्लॅशमधल्या जुन्या आवृत्तीवर आणि सात नव्यावर, आणि मुलं विचारतायत की सर, माझ्याकडे हा मेनू का नाही? तो आडमार्ग मी काढून टाकला. आता सर्व्हर नसेल तर राउटर कन्सोलवर, म्हणजे सीरियल वायरच्या पडद्यावर, टी टी टी (प्रत्येक टी म्हणजे एकदा उत्तर आलं नाही) छापत दार ठोठावत राहतो आणि सर्व्हर उठला की सगळे एकाच आवृत्तीवर येतात. दुकानात किंवा दवाखान्यात मी असं करणार नाही. लॅबमध्ये मात्र अर्धवट चालण्यापेक्षा बंद असलेलं परवडतं.

रॅममधली यंत्रणा काहीच लक्षात ठेवत नाही, हे आधी गोड वाटतं. मग दर बूटला एसएसएचची (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याची) नवी किल्ली तयार होते आणि लॅपटॉप ओरडतो की समोरचं मशीन बदललंय. शेवटी किल्ली, पासवर्ड आणि मॅक पत्त्यावरून (प्रत्येक राउटरचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) राउटरला नाव देणारी छोटी स्क्रिप्ट, हे सगळं सोर्समधल्या फाइल्स फोल्डरात टाकून इमेज नव्याने बांधली.

आणि टीएफटीपीला पासवर्ड हा प्रकारच नाही. फेब्रुवारीत तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने सर्व्हरची वायर काढून लॅपटॉपला तोच आयपी दिला, त्याच नावाची स्वतःची इमेज ठेवली. चार राउटर त्याच्या नावाचा बॅनर मिरवत उठले. त्याला प्रॅक्टिकलचे पूर्ण मार्क दिले आणि त्याच संध्याकाळी सर्व्हर कुलपाच्या कपाटात, वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कवर) हलवला.