त्रिफळ्याच्या काढ्याच्या चुळा: सात महिन्यांच्या वापरानंतर

सात महिने, रोज रात्री एकदा. पहिले तीन आठवडे सकाळीही. त्रिफळ्याचा काढा नवा थर दातावर घट्ट बसू देत नाही, हे पटलं. आधीच बसलेलं किटण मात्र तो तसूभरही हलवत नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि महिनाभरात ‘काही फरक नाही’ म्हणून काढा बंद पडतो.

दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातांवर चढतो. त्यावर जंतू येऊन बसतात. त्यांतला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स साखरेपासून ग्लुकान नावाचा चिकटा तयार करतो आणि त्या चिकट्यात बाकीचेही घर करतात. सकाळी जीभ फिरवल्यावर बुळबुळीत लागतो तो हाच थर, बायोफिल्म. व्हिनेगरने या थरातले वरवरचेच जीव मरतात, आतले जिवंत राहतात, हे सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहणाऱ्या डच संशोधक लेवेनहुकने १६८०च्या दशकातच आपल्या दातांवरच्या थरात पाहिलं होतं. म्हणून जाड थरावर कितीही चुळा भरा, औषध आत पोचत नाही. त्रिफळ्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, प्रथिनांना धरतात (तोंड तुरट होतं ते त्यामुळेच) आणि ग्लुकान बनवणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) काम मंदावतात. फायदा व्हायचा तो थर कोवळा असतानाच होतो. आधी दंतवैद्याकडून स्केलिंग करून, म्हणजे किटण खरवडून घ्या, मग काढा सुरू करा. उलटा क्रम फुकट जातो.

चूर्ण नको, भरड घ्या. वस्त्रगाळ चूर्ण उकळलं की रबडी होते, फडक्यातून गळत नाही आणि राहिलेला गाळ दातांच्या फटीत बसतो. काष्ठौषधींच्या दुकानातून मोठा हिरडा, बेहडा आणि आवळकाठी आणा. जुन्नर-आंबेगावकडून येणारा बारीक काळा बाळहिरडा म्हणजे कोवळं वाळवलेलं फळ. तो वेगळा, इथे नको. हिरडा-बेहड्याच्या बिया फोडून टाका, नुसती टरफलं समभाग वजन करा आणि खलबत्त्यात रव्यापेक्षा जाड कुटा. तयार भरड फिकट आणि कमी तुरट लागली तर तीत बिया दळलेल्या असण्याची शक्यता मोठी.

दहा ग्रॅम भरड, २०० मिली पाणी, मंद आच, निम्मं होईपर्यंत. भांडं स्टीलचंच हवं. लोखंडी पातेल्यात टॅनिन आणि लोह मिळून काळीकुट्ट शाई होते आणि ती दातांवर चढते. दुहेरी सुती फडक्यातून गाळा, अर्धा तास स्थिर ठेवा, वरचं निवळ ओतून घ्या. एका वेळेला १५ मिली, पूर्ण मिनिटभर, गाल फुगवून दातांच्या फटींतून खळखळवत. मग थुंका. गिळू नका, त्रिफळा सारक आहे. उरलेला काढा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. यात टिकाऊ द्रव्य काहीच नाही. वर साय धरल्यासारखा पापुद्रा दिसला की फेकायचा.

वेळेत चूक सर्वांत जास्त होते. काढा आंबट असतो. चूळ भरून लगेच ब्रश फिरवला तर मऊ पडलेलं दंतवल्क (इनॅमल) घासलं जातं. आधी फटी साफ करणं, मग ब्रश, अर्ध्या तासाने काढा, शेवटी साध्या पाण्याची एक चूळ. फ्लोराइडची पेस्ट सोडायची नाही. काढ्यात फ्लोराइडचं काम करणारं काही नाही.

फरक कधी दिसतो? १९६५ मध्ये दंतसंशोधक हॅरल्ड लो यांनी निरोगी माणसांना दात साफ करणं थांबवायला लावलं, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. म्हणून हिरडीतून रक्त येणं कमी झालं की नाही, हे दोन-तीन आठवड्यांनीच तपासावं. इथे तिसऱ्या आठवड्यात ब्रशवरचा गुलाबी फेस थांबला. थराची तपासणी जास्त खात्रीची: अर्धी वाटी पाण्यात खाण्याच्या लाल रंगाचे दोन थेंब, एक चूळ, मग आरसा. जिथे रंग धरला तिथे थर. पुढच्या दातांवर रंग फिकट होत गेला. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू मात्र सातव्या महिन्यातही लालच निघत होती. तिथे काढा पोचतो, ब्रश पोचत नाही. बारीक डोक्याचा ब्रश घेतल्यावरच तिथला रंग उतरला.

भारतातल्या काही चाचण्यांत त्रिफळ्याच्या चुळा क्लोरहेक्झिडिन या चुळांच्या जंतुनाशक औषधाच्या तोडीस तोड ठरल्या आहेत. पण क्लोरहेक्झिडिन दाताला आणि श्लेष्मल त्वचेला धरून तासन् तास झिरपत राहतं. काढ्याला अशी पकड नाही, त्यामुळे रात्रीची चूळ चुकली की सकाळी जिभेला लगेच कळतं. डाग दोन्हींनी पडतात. चौथ्या महिन्यात दातांच्या फटींशी तपकिरी रेघा आल्या, त्या पॉलिशिंगने गेल्या. काढ्यानंतर तासभर चहा टाळल्यावर पुन्हा इतक्या गडद आल्या नाहीत. पुढच्या दातांत पांढरं सिमेंट भरलेलं असेल तर त्याच्या कडा आधी काळवंडतात आणि तो रंग घासून जात नाही, तेव्हा अशांनी आठवड्यातून दोन-तीनदाच वापरावा.