जुनी .२२ रायफल सुधारावी की नवी घ्यावी? ५० मीटर नेमबाजांसाठी तुलनात्मक आढावा

एअर रायफलकडून ५० मीटर थ्री पोझिशनकडे (तीन वेगवेगळ्या स्थितींतून गोळ्या झाडण्याच्या प्रकाराकडे) वळलेल्या आणि जुन्या .२२ रायफलवर दोन-तीन हंगाम काढलेल्या नेमबाजापुढे कधी ना कधी तीन वाटा येतात. आहे त्या रायफलचा कुंदा, म्हणजे खांद्याला टेकणारा दस्ता, बदलावा, तिच्या नळीला मानवणारी काडतुसे शोधण्यावर पैसे घालावेत, की सरळ नवी रायफल मागवावी? बहुतेक जण तिसऱ्या वाटेपासून विचार सुरू करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, आणि त्याचे कारण लक्ष्यपत्रावरच मोजता येते.

५० मीटरच्या लक्ष्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि गोळीचे छिद्र ५.६ मिमी धरले जाते. छिद्राची कड वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छिद्राचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत ढळलेला चालतो. हे ८ मिमी नेमबाज, रायफल, काडतूस आणि वारा या चौघांत वाटले जातात. रायफल शिकंज्यात आवळून झाडलेल्या दहा गोळ्यांच्या मध्यांमधले सर्वांत मोठे अंतर १२ मिमी येत असेल, तर टोकाच्या गोळीला नेमबाजासाठी जेमतेम २ मिमी उरतात. ते अंतर २० मिमी असेल, तर निर्दोष सुटलेली गोळीही अधूनमधून नऊमध्ये जाणारच. पॅरिस २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पात्रता फेरीत ६० गोळ्यांत ५९० गुण मिळवून सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत पोहोचला आणि पुढे ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. आठ जणांच्या अंतिम फेरीचे दार सातव्या नेमबाजासाठी अवघे दहा गुण गमावून उघडले, हे लक्षात घेतले तर काडतुसामुळे फुकट जाणारे दोन-तीन गुण किती महाग आहेत ते कळते.

म्हणून पहिली तुलना रायफलींची नव्हे, काडतुसांच्या लॉटची, म्हणजे एका वेळी बनलेल्या खेपांची, करावी. ईली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर ५० आणि लापुआ एक्स-ॲक्ट ही तिन्ही सर्वोच्च दर्जाची काडतुसे आहेत. परंतु एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये जो फरक एखाद्या नळीत दिसतो, तो कित्येकदा दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. जर्मनीतील शोनेबेक येथे लापुआच्या चाचणी केंद्रात रायफलची नळी शिकंज्यात बसवून एकामागून एक लॉट तपासता येतात, आणि युरोपात स्पर्धेला जाणाऱ्याने ही संधी सोडू नये. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी आपल्याच रेंजवर, वारा पडलेला असताना, प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे किमान चार ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके) घ्यावेत. पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप पाहून लॉट निवडणे म्हणजे शितावरून भाताची नव्हे, नशिबाची परीक्षा होय. काडतूस बदलल्यावर नळीत नवे वंगण बसेपर्यंतच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नयेत. जुळणारा लॉट सापडला की हंगामाला पुरेल इतका तोच घ्यावा आणि सरावासाठी एसके किंवा सेंटर-एक्ससारखे स्वस्त काडतूस ठेवावे.

चार-पाच चांगले लॉट घालूनही ग्रुप आवळत नसेल, तेव्हा संशय रायफलवर घ्यावा. तरीही आधी नळी स्वच्छ करून तोंडाची कड तपासावी आणि ॲक्शनचे (काडतूस भरून झाडणाऱ्या यंत्रणेचे) बोल्ट टॉर्क पान्याने निर्मात्याने सांगितलेल्या मापाला आवळावेत. सैल बोल्टमुळे बाद ठरवल्या गेलेल्या नळ्या थोड्याथोडक्या नसतात.

आता कुंद्याकडे वळू. लाकडी आणि ॲल्युमिनियमच्या कुंद्यात तुलना केली, तर ॲल्युमिनियमचा सर्वांत मोठा लाभ अचूकतेचा नसून जुळवणीचा आहे. नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथे) आणि स्टँडिंग (उभे) या तिन्ही स्थितींत डोके, खांदा आणि हात रायफलशी वेगवेगळ्या कोनांत भेटतात, त्यामुळे चीकपीस (गालाचा टेकू), बट-प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) प्रत्येक वेळी हलवून पुन्हा नेमके जुन्या खुणेवर आणावे लागतात. चांगल्या ॲल्युमिनियम कुंद्यावर हे आकडे वाचून करता येते. जुन्या लाकडी कुंद्यावर अंदाजाने. शिवाय आपल्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात, लाकूड फुगते आणि बेडिंगचा, म्हणजे ॲक्शन कुंद्यात जिथे बसते तिथला, ताण बदलतो. लाकडाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की ते हाताला उबदार लागते आणि धक्क्याचा कंप मऊ करते. केवळ प्रोन झाडणाऱ्याला, कुंदा अंगाला बसत असेल तर, बदलाची गरज नाही. थ्री पोझिशन झाडणाऱ्याला मात्र गरज आहे, आणि ती नव्या नळीच्या गरजेपेक्षा मोठी आहे.

जुन्या ॲन्शुट्झ कंपनीच्या रायफलींमध्येही भेद करायला हवा. १९०७ आणि १९१३ या मॉडेलमध्ये ५४ क्रमांकाची ॲक्शन असते, तर १९०३ मध्ये तुलनेने साधी ६४ क्रमांकाची. ५४ ॲक्शनची निरोगी नळी हातात असेल, तर तिच्याभोवती नवा कुंदा बसवणे हा मी सर्वांत शहाणपणाचा खर्च मानतो, कारण तिचा दोन टप्प्यांत दाबला जाणारा ट्रिगर आजही कुठल्याही नव्या रायफलपुढे उणा पडत नाही. १९०३ ही शिकण्यासाठी उत्तम रायफल आहे, पण तिच्यावर महागडा कुंदा चढवण्यापेक्षा ते पैसे पुढच्या रायफलसाठी साठवावेत.

नवीच घ्यायची ठरली, तर वाल्थर केके ५०० आणि फाइनवेर्कबाउ २८०० या दोन्हींत जुळवणीची सोय मुळातच भरपूर आहे. स्वित्झर्लंडच्या ब्लाइकर आणि ग्र्युनिग-एल्मिगर यांचे काम अत्यंत काटेकोर असते. किंमतही तशीच असते, आणि राष्ट्रीय स्तरावर स्थिरावलेल्या नेमबाजालाच त्यांचा फरक गुणांत दिसेल. दोन रायफलींत निवड अडली, तर जी तुमच्या मानेला प्रोनमध्ये ताण देत नाही ती घ्यावी. तोलाचाही विचार हवा: वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या हाती पूर्ण वजनाची रायफल दिली की स्टँडिंगमध्ये पाठ वाकडी करून तोल सांभाळण्याची सवय लागते, आणि ती सोडवायला वर्षे जातात.

वाऱ्यावर मात्र यांपैकी कुठल्याच खरेदीचा इलाज नाही. ताशी १२०० किमीच्या आसपास वेगाने निघणारी ही गोळी बाजूच्या सेकंदाला १ मीटर वाऱ्याने ६-७ मिमी सरकते, म्हणजे लक्ष्यावरील जवळजवळ एका गुणाच्या वर्तुळाइतकी.

परवान्याची बाजूही हिशेबात धरावी. .२२ रायफल १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते, म्हणून नवी आणायची तर परवान्यावरील नोंद आणि आयातीची परवानगी या दोन्हींसाठी महिने मोजावे लागतात. राज्य स्पर्धा चार महिन्यांवर असेल, तर या हंगामात कुंदा बदलून तोच लॉट पुन्हा तपासावा आणि रायफलचा अर्ज स्पर्धा संपल्यावर करावा.